गाद्यांची जाहिरात

गाद्यांच्या जाहिरातीचा तोच मेल सकाळपासून पुन्हा पुन्हा येत होता. माझं डोकंच फिरलं.

"भाऊजी, स्पॅम म्हणून रिपोर्ट करत राहा, फरक पडतो," असं मेहुणा म्हणाला होता. डोंबलाचा फरक! रिपोर्ट केला की मेल दुसऱ्या नावाने हजर.

या वेळी तर पाठवणाऱ्याच्या जागी चक्क माझंच नाव, माझाच पत्ता. "हरामखोरा, मलाच गाद्या विकतोस?" म्हणत मी पुन्हा रिपोर्टचं बटण दाबलं. 'हा पाठवणारा यापुढे त्रास देणार नाही,' अशी अक्षरं उमटली.

"अगं, टळली एकदाची ब्याद!" मी ओरडलो.

बायकोने वळूनही पाहिलं नाही. मी तणतणत स्वयंपाकघरात गेलो, तिच्यापुढे ओट्यावर मूठ आपटली. आवाजच झाला नाही.

ती फोनवर भावाशी बोलत होती. "तू म्हणालास तसंच झालं रे. फरक पडला. घर कसं शांत झालंय."