दुसऱ्याचे टाके

"बाई, आमच्या जुन्या मेकॅनिकनं याची वाट लावलीय. सगळं काढून नवं घाला," असं बजावून पेंडसेकाका त्यांचा जुना व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर माझ्या टेबलावर ठेवून गेले.

मी खालचं झाकण उघडलं आणि माझ्या पोटात दुखायलाच लागलं. सोल्डरिंगचा एकेक टाका तांदळाच्या दाण्यासारखा, एकाच मापाचा. बोटं भाजून घेत मी हे काम एकटीनं शिकले, पण असा टाका मला आजवर जमलेला नाही.

"कुणाकडे एवढी बघतेयस?" नवऱ्यानं विचारलं.

"सवतीकडे."

सगळं उपटलं असतं तर त्या मेकॅनिकचा हात पुन्हा कुणालाच दिसला नसता. काकांची तर परवानगीच होती. तापलेली सोल्डरिंग गन धरून मी नुसतीच बसले. शेवटी वयानं सुकलेला एकच कपॅसिटर बदलला आणि झाकण लावलं.

काका न्यायला आले. गाणं लागलं तसे खुलले. "जादू आहे हो तुमच्या हातात! त्या गाढवाला दाखवायला हवं."

"दाखवा की." मी अ‍ॅम्प्लिफायर बंद करून उलटा केला, झाकण काढलं. "माझे टाके यात दोनच. ते बेढब दिसतायत ना, ते."