फितीची टोपी

या, जरा जवळ सरकून बसा. गोष्ट एका टेकडीएवढीच आहे, पण चढता चढता ऊर भरून येईल.

अमेरिकेत, ओहायोमध्ये वेल्सहून आलेल्या लोकांची एक वस्ती होती, तिथं ग्वेन प्रिचर्डबाई वारल्या. टेकडीखालच्या चॅपलमध्ये, म्हणजे प्रार्थनाघरात, पाद्रीबाबांनी वेल्श थाटात प्रवचन असं गाऊन सांगितलं, की दगडालाही पाझर फुटावा. मग रीतीप्रमाणे चौघे खांदा द्यायला पुढे झाले, तर मुलगा इद्रिस आडवा आला. "नको. आई माझ्या गाडीतून जाईल."

गाडी बेताचीच, ना शेठजीची, ना अगदी स्वस्तातली. पण त्या काळी वस्तीत तेवढी एकच मोटार. मागची सीट काढून शवपेटी ठेवली, तिचं एक टोक मागं बाहेर आणि दुसरं इद्रिसच्या मागं, पुढच्या सीटच्या पाठीवर टेकवलेलं. दोरानं बांधली. बहीण नेस्ट पेटीला धरून कडेला बसली. तिच्या मांडीवर आईची रविवारची टोपी.

"ही कशाला घेतलीस?"

"फीत बघ तिची. गाडीत वाऱ्यानं टोपी उडू नये म्हणून आईनं शिवून ठेवली होती. गाडी आली त्याच आठवड्यात."

टोपीवरून नजर काढून इद्रिसनं गाडी चालू केली. दर रविवारी तो गाडीतून चॅपलला जाताना आई तिच्या फाटकाशी उभी दिसायची, हीच टोपी घालून. गाडी सासरच्या मंडळींनी भरलेली. हा हात हलवून म्हणायचा, "पुढच्या रविवारी नक्की, आई!" आणि गाडी पुढं जायची.

टेकडीवरच्या दफनभूमीचा चढ लागला. माणसं मागून गात येत होती. अर्ध्यावर गाडीनं दोन आचके दिले आणि बंद पडली. गाणंही थांबलं. पेट्रोलची टाकी सीटखाली, तिथून तेल नुसत्या उतारानं इंजिनात जायचं. गाडीचं नाक वर झालं तसं तेल इंजिनापर्यंत पोचेना.

वस्तीतला म्हातारा ट्यूडर काठी टेकत पुढं आला. "उतरव पेटी, इद्रिस. तुझ्या आईला पायी जायची सवय होती."

इद्रिसचे कान तापले. "नाही काका. आज नाही. उलटी चढवतो."

माणसांनी ढकलून गाडी फिरवली. तोंड उताराकडं, पाठ टेकडीकडं. इंजिनाला तेल मिळालं, गाडी धडधडली आणि मागं मागं चढू लागली. अशी गाडी हाकायची तर मान वळवून मागंच बघावं लागतं. इद्रिसच्या डोळ्यांपुढं पेटीशिवाय काही नव्हतं, आणि नजर काढायची सोय नव्हती.

चढ उभा होत गेला तसा दोर सैलावला. पेटी हळूच घसरली आणि तिचा कोपरा त्याच्या खांद्यावर येऊन टेकला.

"लागेल रे तुला!" नेस्ट ओरडली. "थांबव, दोर आवळू दे."

"राहू दे," तो म्हणाला. "बसू दे तिला नीट."

खालून गाणं पुन्हा उठलं. नेस्टनं टोपी पेटीवर ठेवून फीत दोराला बांधली. वारा सुटला होता. टोपी उडाली नाही.

तर मंडळी, उद्या घाईघाईनं प्रार्थनेला निघाल, तेव्हा फाटकाशी उभ्या असलेल्या ग्वेनबाईंची तेवढी आठवण असू द्या.