मुलीच्या तोंडचं वाक्य

त्याने मुलीची चप्पल पुन्हा पलंगाखाली ढकलली आणि साळसूदपणे खुर्चीत येऊन बसला. मुलगी आली, वाकली, झाडूच्या दांड्याने चप्पल बाहेर काढली आणि चकार शब्द न बोलता निघून गेली. हाही नेम वाया गेला.

अनुवादकाची पंचाईत झाली होती. अख्खी इंग्रजी कादंबरी पोलिशमध्ये आणून झाली होती, घोडं अडलं होतं एका वाक्यावर. पोरकट बापाला लेक वैतागून म्हणते, मोठा हो. इंग्रजीत दोन शब्दांत काम भागलं होतं. पोलिशमध्ये वाढीच्या शब्दांना तोटा नव्हता, पण एक पिकत्या फळाला शोभायचा, दुसरा कंपनीच्या अहवालात. तिसरा लिहून पाठवला तेव्हा संपादकबाई फोनवर म्हणाल्या, "अहो, ही मुलगी बोलत नाहीये, हेडमास्तर बोलतायत. संध्याकाळपर्यंत दुसरं द्या, नाहीतर माझं मी घालते."

आपल्या पुस्तकात दुसऱ्याने शब्द घालायचा म्हटलं की त्याच्या नाकाला मिरच्या झोंबत. शिवाय घरात अठरा वर्षांची जिवंत लेक होती. पण तिला विचारलं असतं तर तिने विचार करून सांगितलं असतं, आणि तसलं वाक्य काय कामाचं? ते तिच्या तोंडून आपसूक निघायला हवं होतं. वेळही थोडा होता. दूरच्या शहरातल्या कॉलेजात तिला प्रवेश मिळाला होता, येणार की नाही ते आजच कळवायचं होतं. बॅग अर्धी भरून झाली होती.

मग काय, गडी कामाला लागला. जेवताना भाजी नको म्हणून तोंड फिरवलं. पत्त्यांत उघड उघड लबाडी केली आणि तरीही हरला तेव्हा पत्ते उधळून दिले. शेवटी भर दुपारी डोक्यावरून पांघरूण घेऊन रुसून बसला आणि कान टवकारून वाट पाहू लागला.

पांघरूण हळूच बाजूला झालं. मुलीने त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला आणि ती पलंगाच्या कडेला टेकली.

"बाबा, मी कॉलेजला नाही म्हणून कळवते," ती म्हणाली. "आई गेल्यापासून आपण दोघंच. तुला असं सोडून मी कशी जाऊ?"

खरं सांगायचं तर त्याला आधी आनंदच झाला. वाक्य गेलं खड्ड्यात, लेक घरी राहत होती. नुसतं गप्प बसायचं होतं, आणि तो क्षणभर गप्प बसलाही. पण तिच्या चेहऱ्याकडे पाहवेना. इतकी थकलेली ती त्याने कधी पाहिली नव्हती.

"अगं, नाटक होतं सगळं," तो म्हणाला, आणि चपलेपासून पांघरुणापर्यंत सगळं सांगून टाकलं.

ती ताडकन उठली. "अरे बाबा, मोठा कधी होणार तू?"

हेच ते! त्यात राग होता, माया होती आणि हेडमास्तर औषधालाही नव्हता. त्याचा हात पेन्सिलीकडे गेला. ते पाहून तिने त्याला उशी फेकून मारली, आणि मग तिलाच हसू आवरेना.

हसता हसता तिने फोन हातात घेतला, 'येतेय' असं लिहिलं आणि पाठवता पाठवता थांबली.

"आणि काल माझ्या कपाटातल्या रिकाम्या कप्प्यासमोर रडत बसला होतास, तेही नाटकच?"

"मग काय तर," तो म्हणाला. "तेही नाटकच."

तिने निरोप पाठवला. मूळ मजकुराशी एवढी बेइमानी त्या अनुवादकाने उभ्या आयुष्यात केली नव्हती.