कलमाचा मान

वेगळ्या झालेल्या आईबाबांच्या करारात कोर्टाने एक कलम मुद्दाम घालायला लावलं: मुलीसमोर एकमेकांबद्दल वाईट बोलायचं नाही. दोघांनी हसतमुखाने सह्या ठोकल्या.

तेव्हापासून दर शनिवारी बाबा मुलीला बागेत नेतो, आइस्क्रीम घेऊन देतो आणि कलमाचा मान राखून शेजारी मुकाट बसतो. मधूनच तोंड उघडतो, पुन्हा मिटतो, घड्याळ बघतो. दुसरा विषय सुचायला माणसाला सवय तर हवी! आईच्या घरीही हीच शांतता, म्हणा.

आज मुलीलाच त्याची दया आली. आइस्क्रीमची काडी चाटत ती हळूच म्हणाली,



"बाबा, आईला ठेव ना थोडी नावं. मी कोर्टात नाही सांगणार. तेवढ्याच तर गप्पा व्हायच्या आपल्या."