ताईबाईचं बी

ओलं फडकं उलगडलं तेव्हा वीसच्या वीस बिया होत्या तशाच पडलेल्या. आठ दिवस झाले होते. एकीलाही कोंब नव्हता.

अभिमन नाना पलंगावर बसले ते बसलेच. दसरा पाच दिवसांवर आला होता.

दर दसऱ्याला नाना जळगावच्या मेहरूण भागातल्या आठ घरी सोनं द्यायला जात. आपट्याच्या पानाबरोबर टमाट्याच्या बियांची एक पुडी. वर्तमानपत्राचा कागद, आत राख चोळलेलं बी, वरून लाल दोरा, आणि कागदावर नानांच्या अक्षरात त्या वर्षाचं साल. ही रीत त्यांच्या बायकोची, ताईबाईची. शिरपूरला शेतावर असताना तिने कधीतरी पुसा रुबी जातीच्या टमाट्याचं एक पाकीट आणलं, आणि मग जन्मभर बियांसाठी दुकानाची पायरी चढली नाही. चांगलं पिकलेलं फळ निवडायचं, बी काढायचं, धुवायचं आणि चार दिवस सावलीत वाळवायचं. चार वर्षांपूर्वी ती गेली. त्यानंतर नाना तीन महिने उंबऱ्याबाहेर पडले नाहीत. पडले ते थेट दसऱ्याला, तिने वाळवून ठेवलेल्या बियांच्या पुड्या घेऊन.

पुढच्या वर्षापासून बी नानाच काढू लागले. माणूस मुळात घाईचा. चार दिवस कोण वाट बघतं? एप्रिलच्या उन्हात गच्चीवरच्या पत्र्यावर पसरलं की दोन तासांत बी खडखडीत. जळगावच्या उन्हाचा एवढा तरी उपयोग, असं ते कौतुकाने सांगत.

यंदा सहज म्हणून फडक्यात बांधून पाहिलं, तर ही तऱ्हा. यंदाच काय बिघडलं, त्यांना कळेना. पण रिकाम्या हाताने आठ घरी जायचं कसं? लोक पुडी कपाळाला लावून घेत. ताईबाईचं एवढंच तर मागे उरलं होतं, आणि तेही आपल्या हातून गेलं.

शेवटी बी विकत आणायला नानांनी जवळचं नशिराबाद गाव गाठलं. मेहरूणच्या दुकानात कोणी ओळखीचं भेटलं असतं.

"पुसा रुबी?" दुकानदाराने पाकिटं काढली. "मेहरूणचे का, नाना? तिकडच्या बाया हेच नेतात."

नानांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. चोरी केल्यासारखी पाकिटं पिशवीच्या तळाशी दडवली. घरी येऊन दार लावलं. दुकानातल्या बियांना औषधाचा गुलाबी रंग होता, म्हणून राख जरा जास्तच चोळली. दोऱ्याची गाठ मारताना समोरच्या फोटोकडे बघायचं त्यांनी टाळलं.

दसऱ्याला शेजारच्या मंदाबाईंनी पुडी कपाळाला लावली. "ताईंचा आशीर्वाद आला बघा घरात."

नाना पाणीही न पिता उठले.

स्वतःच्या कुंड्यांत त्यांनी तेच बी टोचलं, एका कुंडीत एक. सून भाविका दरवर्षीसारखीच म्हणाली, "नाना, आता पंधरा दिवस गच्चीवर चढू नका. गुडघे धरतात तुमचे. पाणी मी घालते."

पंधरा दिवसांनी ते वर गेले तर प्रत्येक कुंडीत दोन-दोन रोपं. भाविका मागोमाग आली, वाकून पाहिलं आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "अय्या, उगवलं?"

"उगवणार नाही तर काय करेल?" नाना खेकसले.

ती गोरीमोरी झाली आणि खाली निघून गेली. हिला पाकिटांचा पत्ता लागला, नानांची खात्रीच पटली. त्या दिवसापासून त्यांनी सुनेच्या नजरेला नजर दिली नाही.

जानेवारीत आठही घरच्या कुंड्या लालेलाल झाल्या. मंदाबाईंनी आपल्या गच्चीवर भरीत-पुरीचा बेत ठरवला आणि जाहीर केलं की नानांना शाल-श्रीफळ द्यायचं, ताईबाईचं बी एवढं जपलं म्हणून. नानांना शाल या शब्दानेच घाम फुटला. खोट्या बियांवर बायकोच्या नावाचा मान घ्यायचा, यापेक्षा मेलेलं बरं.

त्या दिवशी लोक जमायच्या आधीच ते मंदाबाईंच्या स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. त्या भाजलेली वांगी सोलत होत्या.

"मंदाबाई, माले शाल नका देऊ." नाना अहिराणीवर आले. "यंदानं बी घरनं नही शे. मी दुकानमाईन लयेल शे. बठ्ठा लोकसले फसाडं मी."

मंदाबाईंचा हात थांबला. "यंदाच?"

"यंदाच. ताईबाईनी शपथ."

मंदाबाईंनी हात धुतले, पदराला पुसले आणि फळीवरचा बिस्किटांचा जुना डबा काढून नानांसमोर उघडला.

आत चार पुड्या होत्या. चारही कागदांवर नानांचं अक्षर, चार दसऱ्यांची चार सालं, यंदाचंही. सगळ्यांत जुनी तेवढी सुटलेली होती. बाकी तिन्ही पुड्यांवर लाल दोऱ्याची गाठ नानांनी मारली तशीच होती.

"मग गच्चीवरचे टमाटे?" नानांनी विचारलं.

"नशिराबादच्या दुकानातलं बी. पहिल्या पुडीतलं उगवलं नाही, तेव्हापासून आठही घरी तेच," मंदाबाई खाली बघत म्हणाल्या. "तुमच्या कुंड्यांत तर भाविका स्वतः रोपं लावते, नाना. चार वर्षं झाली."