पिवळी खोळ

नाथाजी मुकादमाने उशीची खोळ दोन्ही हातांनी ताणून उन्हात धरली. मधोमध डोक्याएवढा पिवळा डाग होता.

"अजून निघतंयच की रं," तो म्हणाला.

"निघतंय," सयाजी जमिनीकडे बघत म्हणाला. "कवा सरतंय देव जाणे."

दाराआड उभ्या असलेल्या अंजनाचा जीव भांड्यात पडला. लगेच तिला स्वतःचा राग आला. नवऱ्याच्या अंगात विष आहे, याचं कुठल्या बाईला बरं वाटतं?

सयाजी पुण्याकडे दारूगोळ्याच्या कारखान्यात होता. लढाई सरेपर्यंत काम करीन, अशी सही देऊन गेलेला. तोफगोळ्यात पिवळी पूड भरायचं काम. आधी नखं पिवळी झाली, मग तळवे, मग कानांजवळचे केस. तोंड असं कडू झालं की गूळसुद्धा थुंकून टाकावा. जिना चढताना धाप लागून कोसळला, तेव्हा तिथला मुकादम असलेल्या नाथाजीनेच त्याला तासगावजवळच्या या मळ्यावर आणून सोडलं.

मिरजेच्या डॉक्टरांनी समजावलं होतं. विष नाकातून, कातडीतून थोडं थोडं आत जाऊन साठलंय. त्याला औषध नाही. अंगच ते घामातून, लघवीतून सावकाश बाहेर टाकील. हाताचा रंग आधी जाईल, त्यावर जाऊ नका. उशीला डाग पडतोय तोवर आत शिल्लक आहे.

"खोळ पांढरी निघाली की यायचं," असं नाथाजीने तेव्हाच बजावलं होतं. गावी आला की तो चहाच्या आधी खोळ मागायचा.

अंजनाचं माहेर सांगलीशेजारी हरिपूरला. हळदीच्या पेवांजवळ ती वाढली. तिची आई घरीच कुंकू करायची. हळदीला सोड्यासारखा खार लागला की ती लाल होते, हे तिला अक्षरओळखीच्या आधीपासून ठाऊक. सयाजी आला त्या आठवड्यात तिने त्याची खोळ धुण्याच्या सोड्यात बुडवली. पाणी पिवळं ते पिवळंच राहिलं. लहानपणापासूनचा रंग असा परका निघालेला पाहून ती तिथेच बसून रडली होती.

पुढे लढाईपायी सोडा मिळेनासा झाला. सयाजीही एकदा मिरजेहून आल्यावर म्हणाला, "सोडा लावू नगंस. नुसत्या पाण्यात किती फिटतंय, त्यावरनं डाक्तराला कळतं." तेव्हापासून ती खोळ साध्या पाण्यातूनच काढायची.

आता तो मोट हाकायचा. दोन भाकरी संपवून वर गुळाचा खडा मागायचा. रात्री डोक्याला तेल चोपडून बैलांजवळ झोपायचा. पण चारचौघांत बोलायचा ते कारखान्याचंच. तिथला भोंगा, तिथली शिस्त. लांबून आगगाडीची शिट्टी आली की हातातलं काम थांबवून ऐकत राहायचा.

अंजनाला एवढंच हवं होतं, की एकदा त्याने म्हणावं, मला जायचं नाही.

एकदा तिने धीर करून विचारलं होतं, "आवं, हितं करमत न्हाई का तुमास्नी?"

बैलाची मान खाजवत तो म्हणाला, "सही केल्याली हाय. माणसानं जायचं असतंय."

आज नाथाजी निघाला तशी सासू, बनाबाई, सुरू झाली. "थोरला बर्मात बंदूक चालवतोय, आन धाकटा हितं उशा पिवळ्या करतोय. पाणोठ्यावर बाया मला हसत्यात."

सयाजी ताटावरून उठला.

"आन तू गं," सासू अंजनाकडे वळली, "आमटीत हळद वतती का काय? डबा पुन्यांदा तळाला गेला. एवढं तर लग्नात बी लागत न्हाई."

"न्हाई आत्याबाई. चिमूटभरच घालते."

"मग काय उंदरं खात्यात व्हय?"

अंजनाचं तिकडे लक्ष नव्हतं. ती बांधावर पाठमोऱ्या बसलेल्या नवऱ्याकडे बघत होती. कोण म्हणेल याच्या अंगात विष आहे? आणि मग तिच्या मनात आलं, की विष कधीच सरलं असेल. हा जुनाच डाग असेल, कापडात मुरलेला. सोड्याशिवाय तो निघणारच नाही. आपण मनातून त्याला जाऊ द्यायला तयार नाही, म्हणून हे आपल्याला इतके दिवस सुचलं नाही. आणि तो माणूस आतल्या आत झुरतोय.

शेजारच्या भामाबाईकडून तिने पदराआड मूठभर सोडा आणला. खोळ घेऊन विहिरीवर गेली. मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्याच्या कडेला बसून तिने घमेल्यात पाणी घेतलं, सोडा विरघळवला. तिने खोळ हातात घेतली. उद्या ही पांढरी खोळ त्याच्या हातात द्यायची. म्हणायचं, जावा.

तिने खोळ पाण्यात सोडली.

पाणी लालभडक झालं. कपाळावरच्या कुंकवासारखं.

मग मान वर करून तिने बांधाकडे पाहिलं. सयाजी अजून पाठमोराच होता. लांबवर गाडीने शिट्टी दिली, तशी त्याची मान खांद्यांत ओढली गेली. ते तिने आज पहिल्यांदा पाहिलं.

लाल पाणी तिने केळीच्या बुंध्याला ओतलं. घरातून चिंचेचं पाणी आणून खोळ त्यातून काढली. डाग पुन्हा होता तसा पिवळाधमक झाला. मग रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसेल अशा बेताने तिने ती खोळ वाळत घातली आणि पदराला हात पुसत स्वयंपाकघरात आली.

"आत्याबाई," ती म्हणाली, "येत्या बाजाराला हळद जरा जास्तीच आणा."