एक जूनची मुलं

गावच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांची वेबसाइट श्रिया हौसेनं बनवत होती. कोडमध्ये तिनं जन्मतारखेवर चौकीदारच बसवला होता: तारीख पटली तरच नाव आत, नाहीतर लाल अक्षरांत एरर. जुन्या रजिस्टरातला ‘एक जून’ तर तिनं सरळ बाद ठरवला होता. निम्मं गाव एकाच दिवशी कसं जन्मेल? पहिल्याच लक्ष्मीबाई अडल्या, याच शाळेत शिकून नळदुर्गला नर्स झालेल्या. “अण्णा, ही खोटी तारीख तुम्हीच लिहिली ना?” तिनं निवृत्त हेडमास्तर वडलांना विचारलं. “व्हय. शेळ्यांमागं फिरत होती ती. तारीख तिच्या आईलाबी ठाऊक नव्हती. जन्माचा दाखला आण म्हणलो असतो, तर पोरगी दारातूनच परत गेली असती.” श्रियानं कोड पुन्हा उघडला. मग तिनं ती अट खोडली. अडलेली एकशे चौदा नावं एकदम आत शिरली. “बसा रे,” अण्णा पुटपुटले.